सहावी पायरी

दिवसभरात अकरा कूलर.
अकरा घरांत गवत बदललं, मोटारी खोलल्या,
एका टाकीत गेल्या वर्षीची पाल वाळून चिकटलेली.
कुणी पाणी विचारलं, कुणी नाही.
वारा सुरू झाला की घरची माणसं डोळे मिटतात
आणि मी पान्हे मोजून पिशवीत टाकतो.

साडेसहाला गौस शटर ओढतो.
मग आम्ही दोघं एका स्कूटरवर, काही न बोलता,
कंधारच्या गल्ल्यांतून जगतुंगाकडे.

मे महिन्यात तळं मागं सरकतं.
वरच्या चार पायऱ्या तापलेल्या, पाचवी कोमट,
सहावीला पाणी लागतं.
चपला काढल्या की तळव्यांना आधी कळतं
सुट्टी झाल्याचं.

गौस खरबूज फोडतो, स्क्रूड्रायव्हरनं.
"धुतलाय रे," दरवेळी म्हणतो.
बिया आम्ही पाण्यात उडवतो.
मासे येतात, हुंगतात, फसवलं म्हणून परत जातात.

पलीकडे एक म्हैस नाकापुरती उरलीय.
पोचय्या काठावरनं ओरडतो,
"निघ की गं, रात झाली!"
ती ऐकत नाही.
मला तिचं पटतं.

फोन वाजतो. वकीलीणबाईंचा कूलर खडखडतोय.
"काय करूलालास?" गौस विचारतो.
"बसूलालो," मी म्हणतो,
आणि फोन पालथा ठेवतो
निवत चाललेल्या दगडावर.

माझ्या घरच्या कूलरची मोटार जळून महिना झाला.
त्याला मुहूर्त कधी, बायको विचारते.
तिला एकदा इथं आणायचंय,
जून लागायच्या आत.
पुढं ही पायरी
तळ्याची होते.