पाव फेरा

वादी कबीरच्या मागल्या गल्लीत
दुपारी पाना बाहेर राहिला तर
फडक्याशिवाय उचलता येत नाही.
म्हणून खलफान मगरिबनंतर आला,
स्कूटर ढकलत.
त्याच्या बापाने ती झांझिबारहून आणली,
जहाजाच्या डेकवर, ताडपत्रीखाली.
हे तो दर वेळी सांगतो,
आणि दर वेळी ताडपत्रीचा रंग बदलतो.

"धूर पायाला लागतो," म्हणाला, इथल्या मोडक्या हिंदीत.
आवाजाबद्दल अक्षर नाही.
मी किक मारली.
फट् फुस्स, फट् फुस्स,
कवळी काढून कुणी शिव्या द्याव्यात तसा.
शेजारच्या टायरवाल्या कुंजुमोनने कानांत बोटं घातली.
खलफान आपला स्थिर,
सीटवरची धूळ बाहीने पुसत.
तेव्हा कळलं, याला ऐकूच येत नाही.

मग मी त्याचा हात धरला
आणि सांध्यापासून वीतभर लांब नेला.
तळव्यावर फुंकर बसताच
त्याने माझ्याकडे पाहिलं,
आत कुणीतरी आहे, असं.

क्लॅम्पचा बोल्ट गंजून खडकासारखा.
डिझेल सोडलं, चहा मागवला,
पुन्हा डिझेल, पुन्हा चहा.
निघाला एकदाचा, कण्हत.
खाली काळं, चिकट तेल,
तव्याच्या बुडाशी साठतं तसं.
पॉलिशपेपरने घासता घासता
नळीचं मूळ लोखंड दिसलं, नखाएवढं,
तर उगाच हसू आलं.

साताऱ्याला एमआयडीसीत मी हाच सांधा आवळायचो,
पाळीला तीनशे साठ.
स्कूटर पुढे सरकायची, मी जागेवर.
गळका सांधा तिथे एकही पाहिला नाही.
गेटबाहेर गेल्यावर तिचं काय होतं
ते आमच्या खात्यात येत नव्हतं.
गळती पाहायला समुद्र ओलांडून यावं लागलं,
तेही कारखान्याला टाळं लागल्यावर.

नळी झिजलेली, मफलर सैल.
अननसाच्या रसाचा डबा कापला,
बोटभर रुंद पट्टी, एक वेढा.
दीड घेतला की बसत नाही,
पाऊण घेतला की पुन्हा फुस्स.
वरून गम, लिंपल्यासारखा, पातळ.
आवळताना घाई करायची नाही,
हे मला कुणी शिकवलं नाही,
तीनशे साठात शिकायला वेळच कुठे होता.

रात्री साडेदहाला पुन्हा किक.
टुक टुक टुक, बंद दारामागे कुणी पत्ते पिसावेत तसं.
खलफानने आपणहून हात पुढे केला.
धरून बसला बराच वेळ.
काहीच लागेना.
"बंद पडली?" त्याने विचारलं.
मी सीटवर त्याचा दुसरा हात ठेवला,
थरथर दाखवली.

दोन रियाल दिले, वर खजुराची पिशवी.
मी पुठ्ठ्यावर लिहून दिलं: इतके किलोमीटर चालव, मग ये.
लोखंड तापून बसल्यावर पुन्हा आवळावं लागतं,
पाव फेरा मुद्दाम बाकी ठेवलाय.
आकडा अरबीत लिहिला.
त्यांचा पाच म्हणजे आपलं शून्य,
त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका.
पन्नास लिहिले, तरी माझ्या डोळ्यांना
पुठ्ठा रिकामाच वाटत राहिला.

त्याला तीन आठवडे झाले.
कुंजुमोन म्हणतो, लेकीकडे सूरला गेला असेल.
चहावाला म्हणतो, परवाच दिसला, मत्राहच्या उतारावर.
बारा-तेराचा पाना मी पेटीत टाकत नाही,
खिशातच असतो, कमरेला टोचतो.
गल्लीत काही आलं की मान वर होते.
पूर्वी नाक्यावरून ओळखू आली असती,
आता ती सोय मीच लिंपून टाकली.

खजूर संपत आलेत.
बिया मी का जपून ठेवतोय, ठाऊक नाही.