रकाना

ओउलूत डिसेंबरात उजाडतं ते नावापुरतं.
अतिदक्षता विभागात तेवढंही नाही.

पिर्को आमच्या शिक्षिका. हातात तक्ता, कानावर पेन्सिल.
सात रात्री आम्ही गजर मोजले:
कुठल्या खाटेचा, किती वाजता, खरा की खोटा.
दोन हजार एकशे आठ.
खरे शंभरसुद्धा नाहीत.

"मग धावायचं कुठल्याला?" ओनेर्वानं विचारलं.
"सगळ्यांना.
कान मरू द्यायचा नाही."

आठव्या रात्री, चार नंबरची खाट.
नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन,
पडद्यावर सगळे गुणी मुलांसारखे ओळीत.
मशीन गप्प.
फक्त म्हाताऱ्या वेल्डरचा अंगठा
चादरीची कड धरत होता, सोडत होता,
धरत होता.

पिर्को त्याच्या कानाशी वाकल्या.
"घशात नळी आहे, म्हणून आवाज फुटत नाही.
बाहेर बर्फ पडतोय.
मी इथंच आहे."
अंगठा हळूहळू निवला.

"हे कुठं लिहू?" मी विचारलं.
तक्त्यात जागाच नव्हती.

त्यांनी पेन्सिल काढली,
पट्टीशिवाय एक रेघ ओढली, जराशी तिरकी.
रकान्यावर काय लिहायचं
ते सकाळवर ठेवलं.

सकाळ इथं साडेदहाला होते.