चिंचोके

रविवारची घंटा वेगळी, सायलसकाका सांगतो.
दोन ओढी, एक दम.
दोन ओढी, एक दम.
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीलाही कळतं,
आता देवळात उपासना.
मयताची वेगळी.
एक टोला द्यायचा, तो पुरता विरू द्यायचा,
मग हाताला वाटलं तर दुसरा.
लग्नाची कशीही चालते,
लग्नात कोण ऐकतंय.

देशाची कशी वाजवायची
हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.
दिल्लीत झेंडा चढला तेव्हा
कोल्हापूर अजून संस्थान होतं,
आणि पाळकसाहेब काकाच्या बापाला म्हणाले,
"आवळे, आज वाजवा."
बाप दोर धरून उभा.
"साहेब, कशागत?"
साहेबांनाही सुचलं नाही.
मग त्यानं एकच टोला दिला आणि जेवायला गेला.
पुढच्या साली दोन.
तीच रीत पडली.

वर्षाला एक टोला वाढतो,
काकाचा खांदा वाढत नाही.

मोजायला चिंचोके.
एस्तेरकाकू आदल्या रात्री ताटात निवडते,
तांदूळ निवडावे तसे.
किडका नको म्हणते, देशाचं काम आहे.
एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायचे
टोल्यामागे एक,
आणि हे काम माझ्याकडं,
कारण मी बँकेत कॅशियर.
"ह्याचा हिशेब चुकत न्हाई," काका सगळ्यांना सांगतो.

यंदा एकोणऐंशी.
पावसानं दोर फुगलेला, जड,
मनोऱ्यात पारव्यांचा वास.
खाली रस्त्यापलीकडं जिलेबीचा मांडव,
कढईभोवती अख्खी पेठ पिशव्या घेऊन,
कुणी दोन किलो, कुणी पाच,
झेंड्याला सलाम करून थेट रांगेत.
शाळेची पोरं पांढरे बूट चिखलातून वाचवत चाललेली.

आणि रांगेबाहेर, एकटा, मान कलती करून
उद्यमनगरचा रमजान मुल्लाणी.
चार वर्षांपूर्वी घंटेची जीभ तुटली
तेव्हा नवी त्यानं ओतली होती,
पंपाच्या ऑर्डरी बाजूला सारून.
पैसे देताना काकाला म्हणाला होता,
"आवाज जरा घोगरा येईल, पण तुटणार न्हाई.
तुटली तर माझ्या दारात आणून टाका."
तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला येतो,
डॉक्टर छातीला नळी लावतो
तसा ऐकत उभा राहतो,
आणि कुणाशी न बोलता जातो.

मी त्याच्याकडं बघत राहिलो.
किती टोले, कुणास ठाऊक.
डब्यात हात गेला तेव्हा
चिंचोका टाकला होता की टाकायचा होता
तेच आठवेना.

"किती ऱ्हायले?" काकानं धापेत विचारलं.
शर्ट पाठीला चिकटलेला, मानेची शीर उभी.
बारा होते डब्यात.
चौदा असावेत, किंवा पंधरा.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या मी,
एक इकडची तिकडं नाही,
आणि इथं
मी म्हणालो, "बारा."

त्यानं बारा दिले.
मग दोर सोडला नाही.
माझ्या तोंडाकडं बघितलं,
आणि आणखी तीन दिले, सावकाश,
प्रत्येक पुरता विरू देत.
"जास्त झाले असतील तर
पुढच्या सालचा ॲडव्हान्स," म्हणाला.

खाली मुल्लाणीनं मान सरळ केली होती.
पहिल्यांदाच वर बघून हात केला.
शेवटच्या तीन टोल्यांचं त्याला काय वाटलं
ते मी अजून विचारलेलं नाही.

पायऱ्यांवर बसून आम्ही जिलेबी खाल्ली,
वर्तमानपत्राच्या कागदावर, गरम.
काकाच्या तळव्याला दोराचा फोड आलेला, फुटलेला,
त्यात पाक गेला.
"आई गं," म्हणाला,
हात झटकला,
आणि दुसरी उचलली.