चाकोरी

गुंडुला हाइत्समानच्या खिशात पाच मीटरचा टेप असतो,
पाठीवर फावडं, आणि तोंडात एक नियम:
वाट दोन मीटरांहून अरुंद असेल
तर सायकलला मनाई.
श्वार्त्सवाल्डच्या या उतारांवर ती बावीस वर्षं
वाटांची मापं घेत आली आहे,
शिंप्यानं गिऱ्हाइकाची घ्यावीत तशी.

फरच्या झाडांमधली ही वाट एक मीटर चाळीस.
पाटी आहे. पाटीवर चिखलाचे शिंतोडे आहेत.
पाटीखालून चाकांचा माग सरळ गेलेला,
वळणावर ब्रेक लागतात तिथे माती खरवडलेली,
मुळं उघडी,
आणि मधोमध चाकोरी, हातानं मोजली:
एक वीत, वर चार बोटं.

"पोरं," ती म्हणते. एवढंच म्हणते.
रविवारी चालायला येणाऱ्या मंडळींनी
तिला पत्रं लिहिली आहेत, सुवाच्य अक्षरात.
त्यांच्या काठ्यांच्या टोकांनी
वाटेच्या दोन्ही कडांची चाळण झाली आहे;
त्याबद्दल पत्रात काही नाही.

मे महिन्यात ती खडी घेऊन आली,
चाकोरी बुजवायची म्हणून.
पहिलं फावडं उचललं आणि पाण्यात काहीतरी हललं.
अंगठ्याएवढा बेडूक. वरून चिखल, निव्वळ चिखल.
सावली पडताच त्यानं पाठ उलटी वाकवली
आणि दाखवलं पोटाखालचं पिवळं:
हळद, तिच्यावर शाई सांडलेली.
शेजारच्या काडीला अंड्यांचा पुंजका.

याला तळं चालत नाही. तळ्यात मासे असतात.
याला लागतं उथळ, उनाड, उद्या आटेल असं पाणी.
पूर्वी ओढा पुरात कूस बदलायचा
आणि अशी डबकी मागे विसरून जायचा.
ओढ्याला आता सिमेंटचे काठ आहेत.
त्याचं काम टायर करतात,
नकळत, मजेखातर.

तेवढ्यात वरून यानिक आला, कचकन थांबला,
दंडाची रक्कम मनात मोजत.
तिनं दंडाचं काढलं नाही. बोटानं पाणी दाखवलं.
तो हेल्मेटसकट वाकला.
"याच्या डोळ्यात बदाम आहे," म्हणाला.
होता. पत्त्यातला असतो तसाच, काळा.

मग सायकल खांद्यावर घेऊन
तो डबक्याला वळसा घालून गेला, बिलबेरीच्या झुडपांतून.
बाकीच्यांना सांगितलं असणार.
आठवडाभरात सगळेच वळसा घालू लागले,
काही उतरून, बरेचसे न उतरता.
काठ्यावाली मंडळीसुद्धा.
कुणीतरी तिथे लाल दोरा बांधला.

चाकोरी सोडावी माणसानं, असं आपण म्हणतो.
सोडली. भल्या मनानं सोडली.
झुडपं भुईला टेकली, शेवाळ सालपटासारखं निघालं.

जूनमध्ये गुंडुला परत आली.
चाकोरीत शेपट्या वळवळत होत्या, शंभर तरी.
तिनं या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप ओढला,
आकडा पाहिला. पुन्हा ओढला.
दोन मीटर अकरा.

आता ही वाट कायद्यानं सायकलींची.
पाटी काढायचं काम तिचंच.
तिनं स्क्रू पिळून खिशात टाकले,
पाटी काखेत मारली
आणि निघाली,
तीही वळसा घालून.