बुडता येत नाही

अँटिलोप बेटावर गाडी लावली, तिथून पाणी अर्धा मैल लांब.
व्हर्ला म्हणाली, लहानपणी मी तरंगले
ते इथेच, तुझ्या टायरखाली.
मग चालत राहिलो,
पायांखाली पांढरी पापडी मोडत,
काठावरल्या माश्यांचे काळे पट्टे आपणहून दुभंगत.
वास सुकटीचा. मी ओळखला, तिला सांगितलं नाही.

"खुर्चीत बसतेस तशी बस."
पोहणं मला कधी कुणी शिकवलं नाही.
विहिरीवर भावांच्या पाठीला पांगाऱ्याचे बिंडे,
मी काठावर, त्यांचे कपडे सांभाळत.
आज बसले, आणि पाय
वर आले, दहाही बोटं,
कुणी हाक मारल्यासारखी.

बुडावं म्हणून जोर करून पाहिला. पाण्याने ऐकलं नाही.

कान पाण्याखाली गेले तशी
ऑग्डेनच्या फार्मसीतली एकवीस वर्षांची रात्रपाळी थांबली,
गोळ्या मोजणारी बोटं सैल पडली.
घोट्यावरचा ओरखडा तेवढा चुरचुरत राहिला:
खाल्ल्या मिठाला जाग, जाग.

शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची व्हर्ला,
डोळे मिटून, टोपीसकट,
दोन वर्षांमागे गेलेल्या नवऱ्याशी
काहीतरी भांडत होती. हळू.

परतताना कॅनमधलं गोडं पाणी
आधी तिच्या पायांवर, मग माझ्या.
तरी रात्री कानामागे खवले निघाले.
जिभेला लावून पाहिलं.
वरणात घालायला चाललं असतं.