फुटाला एक सूत

मी फळा बसवायला गेलो होतो.
शनिवार पेठेत, बाइंडरच्या दुकानावरची खोली,
चार स्क्रू, दोन गुटके, शंभर रुपये मजुरी.
हेरवाडकर बाई म्हणाल्या, जिना जपून चढा,
पाचवी पायरी नाही.
खरंच नव्हती.

ड्रिल थांबवलं तेव्हा मागं सतरंजीवर अकरा माणसं
आणि एकजणही 'आता निघा' असं बघत नव्हता.
वर्षभर चालणार, बाई म्हणाल्या, एकाआड एक रविवार.
बसा की.
म्हटलं, मी पॅटर्नवाला. उद्यमनगरात लाकडाचे साचे करतो,
पंपाची बॉडी, पुली, असलं.
आमच्यात कविता कुणाला येत नाही.
आमच्यातही नाही, त्या म्हणाल्या, म्हणून तर जमलोय.

कानावरच्याच पेन्सिलीनं फॉर्म भरला.
तातोबा रामू सुतार. वय त्रेपन्न.
'का लिहावंसं वाटतं?' या रकान्यापाशी
पेन्सिलीला टोक करत बसलो,
ते मोडलं, पुन्हा केलं.
रकाना तसाच दिला.
मजुरीचे शंभर पहिल्या महिन्याच्या फीत वळते झाले.

बाळगोंडाचं गुऱ्हाळ आहे शिरोळकडं,
त्याच्या वहीच्या पानांना माशा लागतात.
शमशाद सीपीआरमधली रात्रपाळी संपवून थेट येते,
स्वतःची कविता वाचता वाचता एकदा झोपली,
आम्ही कुणी उठवलं नाही,
उरलेल्या ओळी रेणुकानं वाचल्या, हळू आवाजात.
रेणुका अजून स्वतःचं काही दाखवत नाही.

तिसऱ्या महिन्यात मी वाचलं.
भावावर.
एका कारखान्याचे दोन केले आम्ही, मधे पत्रा ठोकला,
पत्र्यापलीकडं त्याचा रंधा चालतो तो मला ऐकू येतो,
माझा त्याला. नऊ वर्षं.
बाई म्हणाल्या, शेवटच्या चार ओळी काढा.
चार! रात्रभर जागून जमवलेल्या!
तडक उठलो. गंगावेशीत उभ्या उभ्या
धारोष्ण दुधाचे दोन ग्लास प्यालो, तरी डोकं निवेना.

मग सोमवारी फौंड्रीत गेलो साचा द्यायला.
पोरगा घणानं रायझर तोडत होता.
कितीदा बघितलंय हे.
तो वरचा खांब, त्यातला रस
खालचं ओतीव निवेपर्यंत त्याला पुरवत राहतो,
तो नसेल तर पोटात पोकळी धरते.
आणि काम झालं की
एक घाव.
तिथंच चिठ्ठी काढली, चार ओळी खोडल्या,
पोरगा म्हणाला, काय मालक, बिल चुकलं का?

बाईंना एक गोष्ट मात्र मी शिकवली.
आमची पट्टी खोटी असते.
बीड निवताना आकसतं, फुटाला एक सूत,
म्हणून पट्टीवरचा फूट मुळातच एक सुतानं जास्त.
साध्या टेपनं मोजाल तर माझं प्रत्येक काम चुकलेलं,
आणि ओतून बाहेर आलं की बरोबर.
त्यांनी पट्टी हातात घेऊन उजेडात धरली,
बराच वेळ परत दिली नाही.

बीडाला किती, पितळेला किती, ॲल्युमिनियमला किती,
सगळं पाठ आहे मला.
माणसाच्या मनातला आकस निवताना
किती आकसतो,
त्याचं कोष्टक कुणाकडं नाही.
म्हणून कविता कधी मोठी होते, कधी बारकी,
पत्र्याच्या मापात अजून बसलेली नाही.
सात महिने आहेत हातात.

परवा दुपारी मापं घेऊन
जिन्याला पाचवी पायरी ठोकली, सागवानी,
कडा गोल केल्या, पॉलिश केलं.
सागाचा तुकडा कमी पडत होता.
पत्र्यावर टकटक करून मागितला.
पलीकडून आला, वरून, न बोलता.

रविवारी सगळे आले
आणि सवयीनं
पाचवी ओलांडूनच वर चढले.
मी पण.