फक्की

रविवारी हायस्कूलची किल्ली माझ्याच खिशात असते.
एकतीस वर्षं पलूसच्या या मैदानावर
मी फक्की मारतोय:
खो-खोच्या पाट्या, कबड्डीच्या लॉब्या,
पंधरा ऑगस्टला पाहुण्यांनी उभं राहायची रेघ.
डबा हलक्या हातानं हलवायचा, नजर सुतळीवर.
रेघ वाकडी गेली की एखादं पोर
उगीच बाद होतं.

आज त्रिशलाचा फ्लॅट आखायचा होता.

तिनं फोनवर नकाशा धाडला होता.
तीनशे चाळीस फूट, कार्पेट.
कार्पेट म्हणजे गं काय?
म्हणाली, अण्णा, सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा.
मग कळलं. सतरंजी मला कळते,
गॅदरिंगच्या सगळ्या मीच झटकल्यात.

मुंबईत घेतेय, असं आम्ही गावात सांगतो.
स्टेशनाचं नाव ऐकून मगदूम सर म्हणाले,
तिथनं मुंबईला जायला मुक्काम पडत असेल की!
जाहिरातीत ठळक लिहिलंय: परवडणारी घरं.
कुणाला, ते लिहिलेलं नाही.
एकतीस लाख, वर मुद्रांक, वर नोंदणी,
वर आणखी कसलं कसलं, जे फोनवर
ती भरभर बोलून टाकते.

सुतळी ताणली. दहा बाय तेरा, हॉल.
साडेनऊ बाय दहा, झोपायची खोली.
सात बाय आठ स्वयंपाकघर, मग मोरी, मग तीन फुटांची बाल्कनी.
उभा राहून बघितलं.
कबड्डीच्या एका मैदानात
अशी चार कुटुंबं बसतील,
भांडणासकट.

राजमती धपाटी घेऊन आली
ती थेट मोरीतून आत.
अगं, भिंत!
थबकली. चप्पल काढून हातात घेतली,
बाहेर जाऊन सगळ्या घराला वळसा घातला, म्हणाली,
दार कुठाय?

दार राहिलंच होतं.
मैदानाला कधी दार आखलं नव्हतं मी.
तिनंच अंगठ्यानं रेघ पुसली अडीच फूट,
वाकून कपाळाला हात लावला आणि आत आली.
कणीक मळायला बसली तर कोपर हॉलमध्ये.
मी म्हटलं, हॉल आपला आहे, माझ्या फंडाचा.
स्वयंपाकघर तुझ्या पाटल्यांचं.
बाकी बँकेचं, वीस वर्षं.
मोरीसुद्धा?
मोरीसुद्धा.
मग पदर तोंडाला लावून इतकी हसली
की धपाटी गार झाली.

नऊला पोरं आली सरावाला.
काका, हे कसलं ग्राउंड?
त्रिशलाताईचं.
शाहीद मुजावर तेवढा बूट काढून दारातून आला,
बाकीचे आले तसे आले.
चढाईचं पोर घसरत झोपायच्या खोलीत,
त्याच्यावर पाच जण, धूळ, शिव्या,
आणि त्या ढिगाखालून त्याचा एकच दम चाललेला,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
हात रेघेकडे.
मी शिट्टी तोंडात धरून होतो. वाजवली नाही.
हप्ता पाच तारखेला असतो, एवढंच आठवलं.

गच्चीवरून फोटो काढून पाठवला तिला.
रात्री साडेअकराला उत्तर आलं, ड्युटी संपल्यावर:
किती छान अण्णा! पण बाल्कनी नाहीये.
ती फक्त नमुना फ्लॅटला आहे.

सोमवारी प्रार्थनेच्या घंटेआधी गेलो.
बाल्कनी तेवढी पायानं पुसली.
नऊ फूट लांब, तीन फूट रुंद, वेळ लागतो.
घराच्या रेघा अजून पक्क्या होत्या,
हॉलमध्ये कुत्रं झोपलं होतं, त्याला उठवलं नाही.

घरी आलो तर राजमती उंबऱ्यात आडवी.
अहो, चांगल्या कामाच्या दिवसांत
असल्या पांढऱ्या पायांनी आत येऊ नका.

नळाखाली पाय धरून उभा राहिलो.
बाल्कनी गटारीकडं वाहत गेली.